हात मागे ठेवणारी माणसे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. त्या आठवड्यात दरवर्षी आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या सभागृहात तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे यांचे वाटप होते आणि दुसऱ्या दिवशी त्याची छायाचित्रे छापून येतात. या वाटपाला नावे ठेवण्यासाठी मी लिहीत नाही. ज्याला सायकल मिळाली त्याला तिचे मोल ठाऊक असते. मात्र माझ्या पत्नीला त्या छायाचित्रात जागा नाही. तिला दिसते, ऐकू येते, ती चालते, बोलते, पंचवीस वर्षांपूर्वी वर्गात शिकवलेल्या कविता अडखळल्याशिवाय म्हणते. आणि तरीही डोक्याला मार लागल्यानंतर जवळजवळ वर्षभर तिला एक कप चहा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करता येत नव्हता. तिला उपकरण नको होते, माणूस हवे होते, आणि तेही एका विशिष्ट रीतीने काम करणारे. असे माणूस घडवण्याची आणि त्याचा पगार भागवण्याची सोय आपल्याकडे अजून नाही, हे अनुभवावरून सांगावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, याची जाणीव आहे.

आम्ही नवी मुंबईत, ऐरोलीला राहतो. मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, पत्नी २९ वर्षे प्राथमिक शिक्षिका होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका संध्याकाळी मुलुंडहून परतताना, पट्टे पुसले गेलेला एक गतिरोधक मला दिसला नाही. मी दुचाकी चालवत होतो आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट होते. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी होती आणि डोक्यावर काही नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, हे मला माहीत होते. ‘एवढ्याशा अंतराला काय करायचंय’ हे वाक्यही माझेच. मला खरचटले, ती डोक्याच्या मागच्या बाजूवर पडली.

रुग्णालयात पोहोचली तेव्हा ग्लासगो कोमा स्केलवर तिचे गुण ७ होते. ही मोजणी १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन शल्यचिकित्सकांनी रूढ केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ असे गुण दिले जातात आणि ८ किंवा त्याखालचा आकडा म्हणजे गंभीर इजा. मार मागे लागला असला तरी मेंदू कवटीच्या आत पुढे आपटला आणि इजा कपाळामागच्या भागाला झाली. रक्ताची गाठ काढली, सुजेला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवला आणि मे महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया करून तो जागेवर बसवला. अपघातानंतर सव्वीस दिवसांनी ती पहिल्यांदा घरी आली होती. डॉक्टरांच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर फिट येऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या, फिजिओथेरपी आणि फेरतपासणीची तारीख एवढे होते. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ही बाई जगणार कशी, याविषयी त्यात एक ओळही नव्हती, आणि ती असायला हवी हे तेव्हा मलाही सुचले नाही.

हाड मोडले तर प्लास्टर निघाल्यावर पाय पुन्हा पायासारखा चालू लागतो, हे आपण घरोघरी पाहिलेले असते. मेंदूच्या इजेचेही तसेच असेल, या समजुतीत आमचे पहिले सहा महिने गेले. कपाळामागचा भाग काम सुरू करण्याचे, त्याचा क्रम लावण्याचे आणि नको ते थांबवण्याचे काम करतो. तो दुखावला की माणूस दाताचा ब्रश हातात घेऊन वीस मिनिटे न्हाणीघरात उभा राहतो. त्याला ब्रश म्हणजे काय ते माहीत असते, दात घासायची इच्छाही असते, पण ‘चला’ म्हणणारा आतला आवाजच उमटत नाही. नातेवाईक म्हणाले, आळशी झाली. शेजारी म्हणाले, फार लाडावून ठेवलीत. जुन्या आठवणी शाबूत आणि कालचे काही आठवत नाही, यावर तर कुणाचाच विश्वास बसेना. कविता आठवतात म्हणजे हिला सगळेच आठवते, असा सोपा निष्कर्ष. येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यासमोर उभा राहून ‘सांग बघू मी कोण?’ असे विचारायचा. चुकले की हसायचे, बरोबर आले की टाळ्या. एकोणतीस वर्षे मुलांची परीक्षा घेतलेल्या बाईंची रोज तोंडी परीक्षा चालली होती आणि मी ती चालू दिली.

त्या काळात आमच्याकडे आया पुरवणाऱ्या एका ब्यूरोमधून आया येत. बारा तासांची ड्युटी, दिवसाला सातशे रुपये, आंघोळ, कपडे, जेवण, गोळ्या, केस विंचरणे. त्या सगळ्या कष्टाळू होत्या आणि दोघी-तिघींचा आम्हाला लळाही लागला. पण त्यांना शिकवलेले होते ते अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे काम, आणि माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली नव्हती. तिने कंगव्याकडे पाहिले की आया कंगवा उचलत आणि वेणी घालून मोकळ्या होत. सप्टेंबरपर्यंत पत्नी स्वच्छ होती, नीट जेवत होती, आणि मार्चमध्ये स्वतः करत होती त्यातल्या तीन-चार गोष्टीही विसरली होती.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण ती सांगितल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. जुलैमध्ये एक आया फक्त नऊ दिवस आल्या. एका सकाळी मी खोलीत डोकावलो तर पत्नी गाऊनच्या बटणांशी झटत होती आणि या बाई दोन पावलांवर भिंतीला टेकून नुसत्या पाहत उभ्या होत्या. मी ब्यूरोला फोन केला आणि सातशे रुपये उभे राहण्याचे देतो का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्या सहा महिन्यांत हे काम समजलेली ती एकटीच होती, आणि तिला मी काढले. अपघाताचे ओझे मनावर असल्यामुळे पत्नीला कुठेही कष्ट होताना मला पाहवत नव्हते. आयांपेक्षा अधिक कामे तिच्या हातून मीच काढून घेत होतो.

पुढे एका व्यवसायोपचार तज्ज्ञांकडे जाण्याचा योग आला. व्यवसायोपचार म्हणजे नोकरी मिळवून देणे नव्हे. रोजच्या जगण्यातली कामे पुन्हा जमवून देण्याचे ते शास्त्र आहे. त्यांनी पत्नीला तपासले, मग मला अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, की ‘काका, करून देणारी बदला आणि करू देणारी आणा.’ अशी कुठे मिळेल, तर कुठेच नाही, घडवावी लागेल. विटाव्याच्या एक ताई, बारावीपर्यंत शिकलेल्या, ब्यूरोत चार वर्षे काढलेल्या, तयार झाल्या. तज्ज्ञांनी त्यांना चार बैठकांत मूळ गोष्टी शिकवल्या आणि नंतर दर तीन आठवड्यांनी घरी येऊन काम पाहिले. ऑक्टोबर २०२२ पासून ताई आमच्याकडे रोज सहा तास येतात. पत्नीला त्या बाई म्हणतात, कारण शाळेत सगळे तसेच म्हणत. ‘पेशंट’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

पहिले काम चहाचे घ्यायचे, हे पत्नीनेच ठरवले. त्याआधी एक अडचण निस्तरावी लागली. डोक्याला जोराचा मार लागला की वासाच्या नसांचे बारीक तंतू कवटीच्या तळाशी तुटू शकतात. पत्नीचे तसे झाले आहे आणि तिला गॅसचा वास येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. ज्याचे नाकच गेले त्याला ती सोय उपयोगाची नाही. म्हणून गळती ओळखून वाजणारे यंत्र बसवले. जाता जाता इतरांच्या माहितीसाठी सांगतो, की नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तेव्हा ते यंत्र छताजवळ लावायचे. सिलिंडर असेल तर जमिनीजवळ. आमच्याकडे विक्रेत्याच्या माणसाने ते आधी ओट्याखाली लावले होते.

चहाचे अकरा टप्पे ताईंनी लिहून काढले आणि प्रत्येकाचे छायाचित्र ओट्यामागच्या टाइल्सवर क्रमाने चिकटवले. पहिल्या आठवड्यात दहा टप्पे ताई करत आणि शेवटचा, म्हणजे गाळण्यातून चहा कपात ओतण्याचा, फक्त बाई करत. दुसऱ्या आठवड्यात शेवटचे दोन: गॅस बंद करणे आणि गाळणे. असे शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक पाऊल मागे जायचे. या उलट्या क्रमाचे कारण मला नंतर उमगले. सुरुवातीपासून शिकवले असते तर रोज दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर अडकून काम अर्धवट सुटले असते. या पद्धतीत पहिल्या दिवसापासून चहा तिच्या हातून पुरा होत होता आणि तोच तिला प्यायला मिळत होता. दुसरा नियम असा, की आठवत नसेल तर अंदाज करायला लावायचा नाही, आधीच सांगून टाकायचे. ज्याची स्मृती दुबळी झाली आहे त्याला आपण चुकलो होतो हे लक्षात राहत नाही, पण हाताने केलेली चूक मात्र मुरते आणि पुढच्या वेळी तीच वर येते. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘ओळख बघू’ या शब्दांना बंदी झाली आणि पाहुण्यांना दारातच स्वतःचे नाव सांगून आत यायला सांगण्यात आले. माझ्या थोरल्या बंधूंना ते बरेच दिवस लागले होते.

आणि मग ते उभे राहणे. पत्नी साखरेच्या डब्यापाशी थांबली की ताई पाठीमागे स्वतःचे एक मनगट दुसऱ्या हाताने धरत आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजत. दहाला काही घडले नाही तर नजरेने छायाचित्राकडे खूण. तरी नाही तर ‘बाई, आता?’ एवढाच शब्द. डबा हाताने पुढे सरकवणे हे अगदी शेवटचे. मी दारात उभा राहून हे पाहत असे आणि माझे हात शिवशिवत. दोनदा ताईंनी मला सांगितले, की काका, तुम्ही जरा गच्चीत जाऊन या. नऊ आठवड्यांनी, डिसेंबरातल्या एका दुपारी, पत्नीने अकरा टप्पे ओळीने केले. चहा काळाकुट्ट झाला होता, कारण पावडर तिने दोनदा घातली. ताईंनी तो पूर्ण प्यायला.

यानंतर जे जमत गेले त्याला मोठा आधार मिळाला तो एका वहीचा. आठवणीची वही ठेवा असे तज्ज्ञांनी सांगितले होते, पण साधी रोजनिशी पत्नीला लिहवत नव्हती. ताईंचा मुलगा शाळेत जातो. त्याच्या वर्गाच्या बाईंकडे त्यांनी टाचणवही, म्हणजे उद्या काय शिकवायचे ते लिहून ठेवण्याची वही, पाहिलेली होती. त्यांनी दोनशे पानी वहीत तसेच रकाने आखले, वेळ, घटक, साहित्य, झाले किंवा राहिले, आणि पत्नीपुढे ठेवली. एकोणतीस वर्षे रात्री जेवणे उरकल्यावर उद्याचे टाचण काढणारा तो हात कुणी न सांगता लिहू लागला. औषध, आंघोळ, कपडे वाळत घालणे, बहिणीला फोन, विश्रांती, सगळे त्या रकान्यांत येते. विश्रांती तर दोनदा, कारण मेंदूच्या इजेनंतरचा थकवा झोप काढून जाणारा नसतो आणि थकलेल्या अवस्थेत शिकवलेले काही टिकत नाही. बारा तासांची ड्युटी या कामाला म्हणूनच निरुपयोगी आहे. इथे जागेपणीचे चार-सहा नेमके तास लागतात.

बाजार, दळण, बँकेच्या पासबुकाची नोंद, या साऱ्याचा पाढा वाचत बसत नाही. लोकलचे मात्र सांगायला हवे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या बहिणीकडे एकटीने जायचे, असे पत्नीने टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सराव सुरू झाला: ऐरोलीला महिला डब्यात चढायचे, पुढचे स्टेशन ठाणे, तिथे सगळे उतरतात तेव्हा उतरायचे. ताई आधी शेजारी बसत, मग समोर, मग दाराजवळ. दोन महिन्यांत हे अंगवळणी पडले आणि जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेने ऐरोली व ठाण्याच्या मधोमध दिघा गाव स्टेशन सुरू केले. आमच्यासारख्या हजारोंना ते सोयीचे झाले, पण पत्नीच्या मनात ‘पुढचे स्टेशन ठाणे’ पक्के बसलेले असल्यामुळे ती तिथे उतरली. ताईंनी हाक मारली नाही, त्याही मागून उतरल्या आणि दहा-बारा पावलांवर उभ्या राहिल्या. पत्नी बराच वेळ फलकाकडे पाहत राहिली, रडवेली झाली, मग पिशवीतून वही काढून तिने ती उलटीपालटी केली आणि शेवटी बाकावर बसलेल्या एका मुलीला ठाण्याची गाडी विचारली. पुढच्या गाडीने दोघी ठाण्याला पोहोचल्या. त्या रात्री ताईंनी मला हे सांगितले तेव्हा मी भडकलो, आणि मग वहीत पत्नीच्या अक्षरात लिहिलेले वाचले: ‘दिघा नवीन. उतरू नये.’ जून २०२४ पासून दर गुरुवारी ती एकटी जाते. मी फोनवर तिचे ठिकाण पाहत असतो, हे तिला ठाऊक आहे आणि आवडत नाही.

सगळेच परत आले, असे कुणी समजू नये. वर्गात उभे राहून शिकवणे तिला पुन्हा जमणार नाही. पैशाचा मोठा व्यवहार आम्ही तिच्यावर सोपवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला फिट आली आणि त्यानंतरचे दोन महिने भीतीत गेले. ताई आईच्या आजारपणासाठी पाच आठवडे गावी गेल्या तेव्हा कितीतरी गोष्टी मागे सरकल्या, आणि बदली आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी चहा स्वतः करून दिला. राग येतो तेव्हा तो पूर्वीसारखा आवरत नाही, आणि आपल्यात काही बदलले आहे हेच अधूनमधून तिला मान्य नसते. तो हट्ट नसून इजेचाच एक भाग आहे, असे तज्ज्ञ सांगतात. ते समजून घेणे एक आणि सकाळी सात वाजता सहन करणे दुसरे.

व्यवसायोपचार तज्ज्ञांनी मला एकदा फिनिअस गेजची हकिगत ऐकवली. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार या कामगाराच्या गालातून शिरून कवटीतून वर निघाली आणि तो वाचला. त्याचा स्वभाव पालटला, तो पूर्वीचा गेज राहिला नाही, एवढेच सहसा सांगितले जाते. पुढे तो चिलीत गेला आणि तिथे काही वर्षे त्याने प्रवासी घोडागाडी हाकली, हे मात्र क्वचित कानावर येते. रोज त्याच वेळी उठणे, तीच जनावरे जुंपणे, तोच रस्ता: ठरलेल्या चाकोरीने त्याला सावरले असावे, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो, कारण आमच्या घरी तीच चाकोरी ताईंनी आखली.

आता मूळ मुद्दा, आणि तो पैशाचा व व्यवस्थेचा आहे. ताईंना आम्ही महिन्याला अठरा हजार रुपये देतो. दोन निवृत्तिवेतने आहेत म्हणून ते जमते. त्यांना भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही आणि कामाला नावही नाही. काय करता असे कुणी विचारले तर त्या ‘एका बाईंकडे जाते’ एवढेच सांगतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांचे. मेंदूवरची शस्त्रक्रिया त्यात बसते. त्या शस्त्रक्रियेने वाचलेल्या माणसाला परत चहा करायला, गाडीत चढायला शिकवणारी व्यक्ती बसत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि त्यांत प्रौढपणी डोक्याला मार लागून आलेल्या दिव्यांगत्वाची स्वतंत्र नोंद नाही. प्रमाणपत्रासाठी गेलो तेव्हा पत्नीला चालून दाखवायला सांगितले, मूठ आवळायला सांगितली, नाव-गाव विचारले. तिने सगळे नीट केले आणि टक्केवारी चाळीसच्या आत राहिली. तिला कामाचा क्रम लावता येतो का, हे त्या खोलीत तपासायला कुणाला सवड नव्हती. चाळीसच्या आत म्हणजे कायद्याच्या लेखी लाभाच्या बाहेर. गंमत अशी, की याच कायद्याच्या कलम ५ मध्ये समाजात राहण्यासाठी वैयक्तिक सहायकाचा उल्लेख आहे, कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्ता आहे आणि कलम ३८ नुसार तसा आधार मागण्याचा अर्ज करता येतो, पण ही शेवटची दोन्ही दारे चाळीस टक्क्यांचा उंबरा ओलांडल्यावरच उघडतात. कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला कामावरून कमी करता येत नाही, पर्यायी पद द्यावे लागते. हे आम्हाला कळले तोवर पत्नीच्या स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर मीच तिचा हात धरून सही करवली होती.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला अडीच हजार रुपये मिळतात, आणि त्या योजनेची उत्पन्नाची मर्यादा पाहता ती आमच्यासाठी नाही, ते योग्यच आहे. पण ज्याच्यासाठी आहे त्या घरातही अडीच हजारांत ताईंचे चार-पाच दिवसच भरतात. स्वीडनने १९९४ पासून वैयक्तिक सहायकाचा हक्क कायद्याने दिला आणि ऑस्ट्रेलियाने २०१३ च्या कायद्यान्वये दिव्यांगांच्या सहायकांचा खर्च सार्वजनिक निधीतून करायला सुरुवात केली. त्यांची तिजोरी आपली नव्हे, हे कबूल. मात्र आपल्याकडे महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, आणि महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग उभारला आहे. त्या निधीतला छोटासा वाटा वस्तूंऐवजी माणसांवर खर्च करता येणार नाही का? वाशीला महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र आहे. मुलांच्या बाबतीत त्याने केलेले काम आम्ही नवी मुंबईकर जाणतो. तिथेच संध्याकाळच्या वेळी आया आणि मावश्यांसाठी सहा-आठ आठवड्यांचा वर्ग काढता येईल. त्यात काय शिकवायचे याची मला आता कल्पना आहे: काम टप्प्यांत कसे तोडायचे, खूण केव्हा करायची आणि केव्हा नाही, फिट आली तर काय करायचे, राग कसा घ्यायचा, घरच्यांना गच्चीत कसे पाठवायचे. ब्यूरोवाल्यांनाही हे सांगावे लागेल, की उभी असलेली बाई काम करत असू शकते. पक्षाघातातून सावरणाऱ्यांनाही याच हातांची गरज आहे आणि असे रुग्ण बऱ्याच सोसायट्यांत सापडतील. शिवाय रुग्णालयातून सोडतानाच्या कागदावर व्यवसायोपचार तज्ज्ञाकडे पाठवल्याची एक ओळ सक्तीची केली तर त्याला निधीही लागत नाही. आमचे सहा महिने त्या एका ओळीअभावी गेले.

टक्केवारी ठरवण्याच्या पद्धतीबद्दल अधिक लिहिण्याचा माझा अधिकार नाही. फक्त एवढे सुचवतो, की अशा रुग्णाला मूठ आवळायला सांगण्यापेक्षा एका खोलीत भांडे, गाळणे आणि पावडरीचा डबा देऊन चहा करायला सांगावा.

ताईंच्या ओळखीच्या, विटावा आणि कळव्यातल्या सहाजणींनी हे काम शिकण्याची तयारी दाखवली आहे. रविवारी दोन तास ताई शिकवतील, महिन्यातून एकदा तज्ज्ञ विनामूल्य येतील आणि ज्यांच्यावर सराव करायचा त्यात माझ्या पत्नीने स्वतःचे नाव दिले आहे. आम्हाला पंखा असलेली एक खोली आणि ओटा हवा आहे. रविवारी बंद असलेली शाळा चालेल. त्यासाठीचा अर्ज संबंधित कार्यालयात २ सप्टेंबरला दिला, त्याची पोच टाचणवहीत चिकटवलेली आहे, आणि समोरच्या रकान्यात पत्नीने ‘राहिले’ असे लिहून ठेवले आहे.

कळावे,

आपला,
ऐरोलीतला एक वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)